समोर कोणी बसलं तर

अन्ननलिकेची शस्त्रक्रिया सुधारण्यात उभी हयात घालवलेले निवृत्त सर्जन आज स्वतःच तपासणीला आले होते. शेजारी एक बहीण-भाऊ बोलत बसले होते.

"दादा, ऑपरेशननंतर घास नीट उतरतो ना?"

"उतरतो. पण तुझी वहिनी समोर बसली तरच."

"म्हातारपणी चोचले!"

"ज्यानं हे ऑपरेशन शोधलं, त्याचं भलं होवो."

"त्याच्या बायकोचंही. बिचारी ताट झाकून वाट बघत असेल."

मग बहीण सर्जनकडे वळली.

"काका, तुम्हालाही घास अडकतो का?"

"अडकतो. पण तपासणीत काहीच सापडत नाही."

"जेवताना समोर कोण असतं?"

"ही गेल्यापासून कोणी नाही."

आतून त्यांना हाक आली.

"जा काका. तुम्ही बाहेर येईपर्यंत आम्ही थांबतो."