उणे अठराचा सूट

…आणि वर मलाच ऐकवतात, ‘दत्ताराम, पसंत तूच केलास ना?’ केला! मीच केला! पण तुम्हाला सांगतो, माणसाला पसंती विचारू नये. सरळ हुकूम द्यावा. हा कोट, घाल. हा मासा, उचल. माणूस सुखात राहतो. आता मला बघा, चाळीस वर्षांत कोणी काही विचारलं? नाव आजोबांनी ठेवलं, बायको मामाने बघितली, बहारीन मुंबईच्या एजंटाने ठरवलं… मी तर मस्कतच्या लायनीत उभा होतो! आणि एके दिवशी अचानक सायब माझ्यापुढे एक रंगीत पुस्तक टाकतो नि म्हणतो, यू चूज.

सायब म्हणजे आमच्या मच्छीच्या कोल्ड स्टोरेजचा. काम काय, तर बंदराला लाँच लागली की फळीवरून लाँचवर जायचं, माशांच्या पाट्या उचलायच्या, फळीवरूनच परत यायचं आणि त्या नेऊन फ्रीजरमध्ये रचायच्या. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे अठरा, मध्ये एक दरवाजा आणि मी! जुने कोट विरले होते. सायबाचं म्हणणं असं की, जो घालणार त्यानेच निवडावा, आधी एक नमुना मागवू, बरा निघाला तर बाकीच्यांनाही.

पुस्तक होतं कॅनडाचं. मला इंग्रजी वाचता येतं ते साइझपुरतं, म्हणून ऑफिसातल्या ह्युबर्टकडे गेलो. ह्युबर्ट वसईचा, चष्मा पुसल्याशिवाय एक शब्द वाचत नाही. पुसला, वाचला, पुन्हा पुसला. म्हणाला, ‘दत्ताराम, हे लोक गोठलेल्या तळ्यावर जाऊन बसतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ टाकतात.’ म्हटलं, का? त्यांच्याकडे बाजार नाही? तर तेही त्याला माहीत नाही! पण बर्फ फुटून माणूस आत पडला तर बुडू नये म्हणून सूटमध्ये फोम भरलेला असतो… आणि इथे, तुम्हाला सांगतो, मी पुस्तक त्याच्या हातातून ओढूनच घेतलं.

कारण मला पोहता येत नाही.

हसू नका! एजंटाने विचारलं होतं, गाव कुठलं? म्हटलं, कोकण. त्याने मान वर न करता फॉर्मवर लिहिलं, ‘स्विमिंग – येस’. अहो, मी कणकवलीच्याही वरचा, घाटाच्या पायथ्याचा. आमच्या नदीत उन्हाळ्यात म्हशीचे गुडघे भिजत नाहीत! पण त्याच ‘येस’वर व्हिसा आला, त्यावर घराला कौलं चढली, त्यावर दोन मुलं इंग्रजी शाळेत गेली. मग सांगणार कुणाला? रोज सकाळी ती वीतभर रुंदीची फळी, खाली हिरवं पाणी, डोक्यावर सुरमईची पाटी आणि तोंडात रामाचं नाव. पाच वर्षं! लाइफ जॅकेट होती दोन, पण ती घातली की संपलं, सायब विचारणार, तू तर पोहणारा ना? खलास. पुढच्या विमानाने घरी.

आणि आता हा सूट! नाव थंडीचं, काम तरंगण्याचं. कुणाला संशय नाही!

पण एक सूट असता तर गोष्ट वेगळी. सतरा होते! एकाला फोम जाड, एकाला पातळ. एकाला शिट्टी. एकाच्या बाहीत दोन खिळे, बर्फात रोवून वर सरपटायला. एकाच्या पायाला भोकं, पाणी निथळायला. पंधरा दिवस झोप नाही. उम्म अल हस्सम मोहल्ल्यातल्या खोलीत आम्ही सहा जण, प्रत्येकाचं मत वेगळं. आमचे मुकादम दाजी, देवगडचे, ते तर कॉटवर पाय पसरून म्हणाले, ‘माका असलो फोमबिम कित्याक होयो? मी आमची खाडी दोनदा आरपार केलंय.’ मथुराला, म्हणजे आमच्या मंडळींना, पुस्तकाचं पान कापून पाठवलं, तर तिची कॅसेट आली. आधी दहा मिनिटं कोंबड्यांचं, मग सूटचं. ‘केशरी नको, मळतो. निळा घ्या. आणि अंगाला सैल घ्या, लिव्हवर याल तेव्हा भावोजींना पावसात नांगराला होईल.’ बघा! पसंती एकाला विचारली, पण निवडतोय अख्खा तालुका.

शेवटी केशरी घेतला. शिट्टी, खिळे, भोकं, चमकणारे पट्टे, सगळं असलेला. ऑर्डरच्या कागदावर छाती, उंची, वजन आणि शेवटचा रकाना, पोहता येतं का? ह्युबर्टने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, येस लिही. त्याने चष्मा पुसला आणि लिहिलं.

सूट आला ऑगस्टात. ऑगस्टात! फ्रीजरमध्ये घालायचा सूट मी बंदरावर, फळीवर, उन्हात घालून उभा. लोक विचारतात, दत्ताराम, बरं आहे ना? मी म्हणतो, आतबाहेर करताना काढघाल कोण करणार! आत घामाच्या धारा. पायाला पाणी निथळायची ती भोकं होती ना, त्यातून माझा घाम निथळत होता. पण तुम्हाला खरं सांगतो, पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्या फळीवरून रामाचं नाव न घेता चाललो. छाती काढून चाललो. त्याच तोऱ्यात एका सुटलेल्या सुरमईवर पाय पडला.

गेलो!

आणि तरंगलो! आयुष्यात पहिल्यांदा तरंगलो! पण कसा? उताणा. पायात फोम, पाठीत फोम, पाय वर, पोट वर. पालथं होता येईना, उठता येईना. फळी मागे राहिली आणि मी आपला चाललोय. शिट्टी आठवली. फुंकली. अशी फुंकली, अशी फुंकली की बंदरावरच्या लाँचवाल्यांनी नमाज अर्धवट सोडून चटया गुंडाळल्या. दाजी वरून ओरडतायत, पण एक माणूस उडी मारेल तर शपथ! अकरा जण, सगळे कोकणातले, सगळे काठावर.

मग एक म्हातारा हज्जी जाळं खांद्यावर टाकून माझ्याकडे येताना दिसला. पोहत नाही, चालत! ओहोटी होती, पाणी त्याच्या कमरेला. जवळ येऊन त्याने माझ्या पोटावर एक चापट मारली आणि शांतपणे म्हणाला, ‘गूम.’ म्हणजे ऊठ! उठतोय कसला, पाय खाली जातील तर ना! शेवटी त्याने मला पट्ट्याला धरून होडीसारखा ओढत काठाला लावला.

सगळे हसले. सायबही हसला. मी म्हटलं, झालं, आता बॅग भरायची.

पण संध्याकाळी खोलीत दाजी माझ्या कॉटवर येऊन बसले. मग सूटची बाही चाचपत, हळूच म्हणाले, ‘दत्ताराम… ह्यो माझ्या मापात गावात काय रे?’ मिळेल का, म्हणून विचारतायत! म्हटलं, दाजी, तुमची खाडी? तर मान खाली. ‘होडयेन गेललंय. माका पेवाक येणा नाय.’ पेवाक, म्हणजे पोहायला!

मला एकदम भरून आलं हो. त्याच फळीवर हा माणूस आठ वर्षं चालत होता, त्यातली पाच माझ्यापुढे. आणि दोन दिवसांत अकराच्या अकरा जण येऊन गेले, एकेकटे, कुणी बघत नाही ना ते बघून. सगळ्यांच्या फॉर्मवर ‘येस’. सगळ्यांचा एजंट तोच!

यादी केली. अकरा नावं, अकरा मापं आणि शेवटच्या रकान्यात अकरा येस. सायबाने ती वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाला, सगळेच पोहणारे, मग तरंगणारा सूट कशाला? मी म्हटलं, ‘थंडी, साहेब. आत फार थंडी असते.’

सायबाने माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून फळीकडे पाहिलं. पेन काढलं, दार बंद आहे ना ते बघितलं आणि बाराव्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, माप लिहिलं आणि पुढे, ‘येस’.

आणि पुस्तक माझ्याकडे सरकवत म्हणाला, ‘माझा कुठला, ते तूच पसंत कर.’

सतरा सूट, बारा माणसं… तुम्हाला सांगतो, माणसाला पसंती विचारू नये.