उणे चार

पोलंडमधल्या सुवाऊकीच्या दवाखान्यात मांस-तपासनीस झेनोननं मफलर नाकापर्यंत ओढला. समोरच्या बाकावर ब्रोन्का आपल्या वहिनीला सांगत होती.

“माझ्या कापलेल्या कोंबड्यांची गाडी हॉटेलकडे जाताना रात्रभर बर्फात अडकली. सकाळी त्या मेल्या तपासनिसानं कोंबडीत थर्मामीटर खुपसला. उणे चार!”

“मग?”

“उणे दोनखाली गेली की ‘ताजी’ म्हणून विकायची नाही.”

“‘गोठलेली’ म्हणून विकायचीस!”

“त्याला उणे बारा लागतं.”

“अगंबाई, म्हणजे धड इकडची ना तिकडची!”

“हॉटेलनं माल घ्यायला दुसरा माणूस धरला. मी कोंबड्यांची शेड विकली, वहिनी.”

“सात नंबर!” नर्स ओरडली. सात नंबरची चिठ्ठी झेनोनच्या हातात होती.

“तुम्ही जा आधी,” झेनोन मफलरातून पुटपुटला.

“तुम्हीच जा, आजोबा. मला कसली घाई? दाणे टाकायला घरी कोंबडी कुठं उरलीय?”