दोन पॉइंट पाच शून्य शून्य

सगळ्यांना जय भीम. नमस्कार.

माइक जरा खाली घेते. विहारात आज इतकी माणसं बसलीत की बाहेर चपला ठेवायला जागा नाही, आणि अशात मला बोलायला लावलंय. मी संगीता. वाघमारे सरांच्या शेजारच्या स्टुलावर नऊ वर्षं बसले. आमचं काम मान खाली घालून करायचं, माणसांकडं बघून बोलायची मला सवय नाही. त्यात समोर पुष्पाताई बसल्यात. सरांच्या पत्नी. ताई, मी त्या मागच्या खिडकीकडं बघून बोलते. राग मानू नका.

गेल्या मंगळवारी सर गेले. कारखान्यातच, दुपारी, जेवणाचा डबा उघडायच्या आधी. हे सगळ्यांना माहीत आहे. पण सर काम काय करायचे, हे किती जणांना माहीत आहे? आत्ता दारात कुणीतरी म्हणालं, "मोटारीचं कायतरी करायचे." तर ऐका.

शेतातल्या मोटारीच्या पेटीत आम्ही एक कडी बसवतो. कडीतून मोटारीची वायर जाते. वायरीतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कडीच्या फटीत बसवलेली चिप ते ओळखते. हरभऱ्याच्या दाण्याएवढी चिप, तीन पाय. विहीर आटली, मोटार कोरडी फिरायला लागली की करंट कमी होतो. चिप ते सांगते, पेटी मोटार बंद करते. मोटार वाचते.

पण नव्या चिपला शून्य कुठं आहे ते कळत नसतं. ते शिकवावं लागतं. शिकवायला वेगळा पाय नाही. म्हणून ज्या पायातून तिला वीज जाते, त्याच पायातून नेहमीपेक्षा जास्त व्होल्टचे धक्के द्यायचे. मोजून. एक धक्का, एक पायरी वर. असं करत करत, कडीतल्या वायरीत करंट नसताना मीटरवर अडीच व्होल्ट आणायचे.

अडीच म्हणाले ना मी? सर असते तर इथंच अडवलं असतं. "बाई, अडीच भाकरी असतात. मीटरवर काय हाय ते वाचा."

मग सर विचारणार, "वायर मोकळी?" म्हणजे कडीतल्या वायरीत करंट नाही ना. मी बघून म्हणणार, "मोकळी." मी वाचणार, "दोन पॉइंट पाच शून्य शून्य." सर परत म्हणणार, "दोन पॉइंट पाच शून्य शून्य." वहीत दोघांच्या सह्या. आणि मग शेवटचा, मोठा धक्का.

इतकं कशाला? कारण तोपर्यंतचं सगळं कच्चं असतं. चुकलं तर वीज काढा, चिप सगळं विसरते, परत पहिल्यापासून. शंभरदा करा. पण मोठ्या धक्क्यानं चिपच्या आतली बारीक तार जळते. जळली की जळली. मग ती चिप जन्मभर तेच धरून बसते. बरोबर असो, नाहीतर चूक.

मी चूक केली आहे. आज सांगायचं ठरवलं नव्हतं, पण सांगते.

सर भाचीच्या लग्नाला मुरुडला गेले होते. उन्हाळा, पेट्यांची घाई. कारखान्याचे शेठ म्हणाले, तू करून टाक. मी एकटी बसले. मनातल्या मनात वाचलं आणि धक्के देत गेले. चाळीस कड्या. कडीतून घातलेल्या तपासणीच्या वायरीत करंट चालूच होता, माझ्या लक्षात नाही. कोण विचारणार होतं, वायर मोकळी का म्हणून? चाळीसच्या चाळीस चिपांनी चुकीचं शून्य धरलं. त्यातली एक अर्धापूरला गणपतरावांच्या पेटीत गेली. ते तिकडं खांबाजवळ बसलेत. विहिरीत पाणी, पण पेटीला वाटायचं विहीर आटली; मोटार पाच मिनिटं चालायची आणि बंद. केळीची पानं करपली.

सर आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. उरलेल्या कड्या समोर घेतल्या. शेठ म्हणाले, "सर, जरासाच फरक हाय, कुणाला कळून राहिलंय?" सर म्हणाले, "मोटारीला कळतं." आणि कटर घेऊन एकेका चिपचे तिन्ही पाय कापले. मी बघत बसले. लई रडले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन अर्धापूरला. गणपतराव, तुम्ही तेव्हा काय काय बोललात ते इथं सांगत नाही, विहार आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक आमची हाय, दादा." आमची. माझ्याकडं बोट नाही. परत येताना मी विचारलं, "सर, तुम्ही तर इथं नव्हता. तुमची चूक कशी?" तर म्हणाले, "मी गेलो, पण माझ्या जागी दुसरा माणूस बसवून गेलो न्हाई. ती माझीच चूक."

आता सर गेलेत. आणि त्यांच्या जागी माणूस नाही.

काल शेठ मला म्हणाले, "संगीता, आता तू एकटीच कर. आकडा कंप्युटर वाचतोच की." शेठ, तुम्ही समोरच बसलात. आज उत्तर देते. नाही. कंप्युटर आकडा वाचतो, वायर मोकळी आहे का ते विचारत नाही. मी एकटी मोठा धक्का देणार नाही. कामावरून काढा, तरी देणार नाही. सरांनी मला ही एकच गोष्ट शिकवली असं समजा, आणि ती मी सोडणार नाही.

मंगळवारची वही मी उघडून बघितली. शेवटच्या ओळीत सरांच्या अक्षरात आकडा आहे, पुढं त्यांची सही. शेजारची जागा कोरी. मी जेवायला म्हणून हात धुवायला उठले होते. मोठा धक्का न देता माझ्यासाठी थांबले होते सर. नंतर वीज गेली, चिप सगळं विसरली. आकडा वहीत आहे.

उद्या सकाळी मी तीच कडी परत लावणार. सरांच्या स्टुलावर माणूस पाहिजे. नवा मिळेपर्यंत तुम्ही बसायचं, शेठ. मान हलवून भागत नाही, आमच्यात तोंडानं म्हणावं लागतं. आत्ताच म्हणू. विचारा मला.

मोकळी.

दोन पॉइंट पाच शून्य शून्य.

मोठ्यानं, शेठ. ताईंपर्यंत गेलं पाहिजे.

हां. बरोबर.

एक राहिलं. मोठा धक्का दिल्यावर सर वीज काढायचे. हात मांडीवर ठेवून थोडा वेळ गप्प बसायचे. मग परत वीज देऊन बघायचे, चिपनं धरलं का. त्या मधल्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. आपणही तसंच करू. उठू नका, जागेवरच बसा. हात मांडीवर. दोन मिनिटं कुणी बोलू नका.

सर, जय भीम.