आजार माझा, फोटो त्याचा

...नाही नाही, त्या पोस्टरकडे नका बघू, इकडे बघा, माझ्याकडे! पेशंट मी आहे. मी! हा जो लालबुंद, गुटगुटीत माणूस माइकसमोर उभा आहे ना, तो. मागे पोस्टरवर जो गालफडं बसलेला, खिडकीबाहेर बघणारा दिसतोय, त्याला काहीही झालेलं नाही. त्याला साधी सर्दी होत नाही हो! पण तुमची नजर आपली फिरून फिरून त्याच्याकडेच. पहिल्या रांगेतल्या मावशी तर डोळे पुसताहेत... मावशी, वाया चाललंय ते पाणी, जरा इकडे वळवा! नाही वळवत. बरोबर आहे, माझ्याकडे बघून कुणाला रडू येणार? तब्येत झकास आहे की माझी!

तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. रक्ताचा कॅन्सर आहे मला. दुर्मिळ. लाखात एखाद्याला होतो म्हणे. आयुष्यात कुठल्या सोडतीत साधा स्टीलचा डबा नाही लागला मला, आणि लागला तो हा! पॉलिसायथेमिया व्हेरा. नाव सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचा स्टॉप येतो. म्हणजे काय, तर बाकीच्यांचं रक्त कमी पडतं, माझं जास्त होतं. हाडांतला कारखाना थांबतच नाही, लाल पेशी काढतोय, काढतोय... रक्त घट्ट होत जातं, आणि ते कुठे मेंदूत नाहीतर हृदयात अडकलं की आटोपलं. पण उपाय आहे, बरं का! रोजच्या गोळ्या, आणि रक्त वाढलं की दंडातून पिशवीभर काढून टाकायचं. एवढं वेळेवर केलं की माणूस वर्षानुवर्षं जगतो. ते 'वेळेवर' तेवढं लक्षात ठेवा.

आता रक्त जास्त म्हटल्यावर चेहरा कसा दिसणार? टवटवीत! घरी येऊन हिला सांगितलं, 'अगं, मला कॅन्सर आहे.' ही माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'आरशात बघितलंत का? गाल बघा! लग्नात नव्हते असे.' मेव्हणा म्हणाला, 'भावोजी, रक्त जास्त झालं हा आजार होय? मग पगार जास्त झाला की काय कराल, ऑपरेशन?' आणि ती खाज! गरम पाण्यानं अंघोळ केली की अंगभर अशी खाज सुटते, ना पुरळ ना काही, मी आपला बाथरूममध्ये भिंतीला पाठ घासतोय, आणि ही बाहेरून, 'आत नाचताय का? पाय घसरेल!' म्हणजे पायाची काळजी आहे. कॅन्सरची नाही, कारण... तब्येत झकास आहे की!

मी कटिंग मास्तर. शाळांचे गणवेश शिवायच्या दुकानात कामाला आहे. मी कापतो, बाकीचे शिवतात, आणि काजं-बटणं करतो तो काडीपैलवान. हाच तो, पोस्टरवरचा! तर सगळ्यांना नीट सांगून ठेवलं होतं मी, असं असं आहे, असं झालं तर दवाखान्यात न्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग रक्त काढायची तारीख आली नेमकी गणवेशाच्या हंगामात. मालकांकडे रजा मागितली. मालक म्हणाले, 'मास्तर, शाळा उघडायच्यात! हंगाम होऊ द्या, मग काढा की हवं तेवढं. कुठे पळून जातंय रक्त? आणि तब्येत तर झकास आहे तुमची!'

झालं. एका दुपारी टेबलापाशी उभा होतो, डाव्या हातातून कापड निसटायला लागलं. धरतोय, निसटतंय. बोलायला गेलो तर जीभ जड, पाय लटपटताहेत, चेहरा तर मुळातच लाल... बघणाऱ्यानं काय समजायचं? काडीपैलवान जवळ आला आणि मला हुंगायला लागला! 'मास्तर, भर दुपारी? कुठली लावली?' मालक गल्ल्यावरून न उठता म्हणाले, 'आडवं करा त्यांना कापडाच्या ठाणांवर, उतरेल थोड्या वेळात.' मी 'दवाखाना, दवाखाना' म्हणत होतो हो! डोक्यात अगदी स्पष्ट म्हणत होतो. तोंडातून काय बाहेर पडत होतं देव जाणे, सगळे खो खो हसत होते. लिंबूपाणी पाजलं मला! मेंदूत रक्ताची गाठ, आणि वरून लिंबूपाणी! पंखा लावला, अंगावर निळं चौकड्यांचं कापड टाकलं, आणि शिलाई मशिनं पुन्हा सुरू. मी ठाणांवर पडून छताकडे बघत होतो आणि खरं सांगतो, फार भीती वाटली. मरायची होतीच, पण 'दारू पिऊन मेला' म्हणतील याची जास्त.

दुकान बंद करायची वेळ झाली तरी माझी 'उतरेना', तेव्हा कुठे गाडीत कोंबून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'लगेच आणलं असतं तर...' ही डाव्या हाताची दोन बोटं, बघा, सुई टोचली तरी कळत नाही. बोलणं मात्र परत आलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल! आणि मालक भेटायला आले, कॉटपाशी उभे राहिले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि... नाही, तुम्हीच म्हणा. म्हणा की! हां, तेच!

मग डॉक्टरीणबाईंनी ठरवलं, लोकांना हा आजार कळला पाहिजे. पोस्टर काढायचं, खऱ्या पेशंटचं. म्हणजे माझं! मला पहिल्यांदा कुणीतरी पेशंट म्हणत होतं, गहिवरून आलं हो मला. फोटोग्राफर म्हणाला, 'काका, जरा आजारी दिसा ना.' अरे, मी आजारी आहे! 'हो, पण दिसत नाही.' मी खांदे पाडले, मान टाकली, त्यानं गालांना पावडर फासली, आणि म्हणतो, 'आता तर नवरदेव दिसताय.' मग त्यानंच युक्ती सांगितली, सैल शर्ट घाला, सैल शर्टात माणूस खंगलेला दिसतो. आणि मी कोण? कटिंग मास्तर! जन्मभर लोकांच्या अंगावर चापून बसतील असे कपडे कापले, आणि हा न बसणारा कापायला बसलो. गळा वाढवला, खांद्याची शिवण पार दंडावर उतरवली. दोन बोटं बधिर, कापड सरकतंय, तरी जीव ओतून कापला. घातला. आरशात बघतो तर... जमीनदार! फोटोग्राफर म्हणाला, 'वा, खुलला तुम्हाला!'

काडीपैलवान माझी पिशवी धरायला आला होता. शर्ट काढून मी त्याच्याकडे दिला, त्याला एसीची थंडी वाजत होती, त्यानं अंगात घातला आणि खिडकीशी गेला, खाली चहावाला आहे का बघायला. फोटोग्राफर किंचाळला, 'हलू नका!' संपलं. खाली लिहिलंय बघा, 'मी झुंजतोय.' कसला झुंजतोय? चहाची वाट बघतोय तो! आजार माझा, शर्ट मी कापलेला, आणि फोटो त्याचा!

आता बसमध्ये लोक उठून त्याला जागा देतात. मालकांनी त्याच्या स्टुलावर उशी टाकली, आणि मला म्हणाले, 'मास्तर, ते ठाण जरा तुम्हीच उचला, त्याला नको त्रास.' अहो मालक, त्याला काही झालेलं नाही, मला झालंय! 'माहितीय हो, पण त्याच्याकडे बघवत नाही.' बरं, ते परके. आमची ही! औषधांच्या दुकानात माझ्याच गोळ्या घ्यायला गेलो होतो दोघं. तिथे हेच पोस्टर. ही थबकली. डोळे भरून आले हिचे. म्हणाली, 'अहो, किती सोसलं असेल हो बिचाऱ्यानं! घरी कुणी करणारं असेल का त्याचं?' अगं, तो आमचा काजं करणारा! घरी येऊन जेवून गेलाय दोनदा! 'हो, पण तरीही...' म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपले. हातात माझ्या गोळ्यांची पिशवी. माझ्यासाठी ही कधी रडली नाही. तेव्हा मात्र लागलं मला. बोटांना नाही कळत, पण ते कळलं.

तर सांगायचं एवढंच, कुणाची जीभ अडखळली, हातातलं सुटलं, तर आधी हुंगत बसू नका. आधी दवाखान्यात न्या, मग तिथे हुंगा, निवांत! आणि रक्त काढायची तारीख कुठल्याही हंगामासाठी पुढे ढकलू... काय मॅडम? वेळ संपली? बरं. आता पेशंटचा सत्कार? अरे वा, पुष्पगुच्छसुद्धा आणलाय... कुणाला? त्याला? हो हो, द्या ना, ये रे वर! अहो, धरा त्याला कुणीतरी, पायऱ्या आहेत, मावशी तुम्ही धरताय? धरा... टाळ्या वाजवा!

आणि मी, मॅडम? मी कुठे उभा राहू? ...खुर्च्या? मागच्या? सगळ्या उचलून आत ठेवायच्या? नाही नाही, उचलतो ना. तब्येत झकास आहे की माझी!