फोलपटाची चव

...तर कानात. हो, कानातच. कॉफीचं फोलपट माझ्या कानात सापडलं, आणि तेही मला नाही, न्हाव्याला. तो म्हणतो, "साहेब, सुतारकाम करता का?" आता काय सांगणार त्याला? तुम्हाला सांगतो, कॉफीची कच्ची बी भाजली ना, की तिच्या अंगावरचा पातळ पापुद्रा सुटतो, आणि एकदा सुटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पंख्यावर बसतो, उशीत शिरतो, साबणाला चिकटतो... मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, कुसळाएवढी धूळ आम्हाला चालत नाही, आणि परवा एक गिऱ्हाईक नवा चष्मा घेऊन परत आलं. म्हणे, "अहो, डाव्या कोपऱ्यात कुणीतरी सारखं उभं आहे असं वाटतंय." काच काढून बघतो तर फ्रेमच्या खाचेत फोलपट. माझ्या बाहीतून पडलेलं. मालकांनी ते चिमट्यात धरून माझ्या तळहातावर ठेवलं. आणि हा सगळा उपद्व्याप कशासाठी, तर म्हणे फोलपट राहिलं की कॉफीची चव बिघडते. आता फोलपटाला काय चव असणार, तुम्हीच सांगा.

तुम्ही म्हणाल, मग घरी भाजता कशाला? हौस नाही हो. आमच्या हिला ताप आला, आला तसा गेला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. जिला शेजारचं दूध उतू जायच्या आधी आपल्या घरात बसून कळायचं, ती एक दिवस शेंगा सोलत बसलेली आणि मागे गॅस नुसताच सुरू, ज्योत नाही. मी वेळेवर घरी आलो म्हणून. त्या दिवशी जेवताना तिनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "अहो, पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. आणि हे आता असंच राहणार बहुतेक." डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, उग्र वासाच्या गोष्टी रोज हुंगायला द्या, आणि धीर धरा. धीर धरा म्हणायला त्यांचं काय जातं?

आणि इथे शिरला माझा मेहुणा. हिचा धाकटा भाऊ. नोकरी पाण्याच्या मीटरचे आकडे घ्यायची, पण कॉफीवर बोलायला लागला की वाटावं, ही वनस्पती यानंच लावली. "भाऊजी, ताईला भाजत्या कॉफीपेक्षा उग्र काय देणार तुम्ही?" असं म्हणून पिशवीभर कच्च्या बिया घेऊनच आला. झालं. रोज संध्याकाळी खिडकीपाशी कढई, कढईशी मी, आणि शेजारी स्टुलावर ही, नाक पुढे करून. बिया तडतडतात, धूर डोळ्यांत जातो, मी विचारतो, "येतंय काही?" आणि ही म्हणते, "नाही." रोज तेच, 'नाही'. आणि म्हणायची इतक्या हळू, जणू मलाच वाईट वाटू नये म्हणून.

मेहुण्याचं लक्ष भलतीकडेच. "भाऊजी, फोलपटं राहिली बघा बियांच्या खाचेत. कॉफी कोरडी लागते त्यानं, राखेसारखी." मग मी चाळणीत घोळवल्या, ताटात पाखडल्या, शेवटी हिचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन बाल्कनीत गेलो. फोलपटं गेली, छान गेली, थेट खालच्या मजल्यावर. खालच्या काकू वर आल्या, हातात ओली पांढरी चादर, चादरभर तपकिरी ठिपके. "अहो, तुम्ही वर कोंबड्या पाळल्यात का?" मी मान खाली घातली, चादर धुऊन दिली. दुसऱ्या दिवशी कॉफीवाल्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, "थोडंफार राहतंच हो, एकदा दळलं की कोण ओळखतंय?" म्हणजे बघा. चादर मी धुतली, बोलणी मी खाल्ली, आणि फोलपटाला काय चव असणार, तुम्हीच सांगा.

रविवारी मी मेहुण्याला म्हटलं, बस आता समोर. दोन कप केले. एका कपात निवडून निवडून साफ केलेली कॉफी, आणि दुसऱ्यात मी फोलपटं मुद्दाम वरून मूठभर घालून दळली. चिडूनच. दोन्ही कप मी आधी स्वतः घोट घोट घेऊन बघितले, टेबलावर ठेवले, आणि आमचं भांडण सुरू. तो म्हणतो कळतं, मी म्हणतो कळत नाही, तो म्हणतो जीभ लागते, मी म्हणतो लाज लागते... एवढ्यात ही आतून आली, जवळचा कप उचलला, सवयीनं. आपण काय पितोय याकडे हल्ली तिचं लक्षच नसायचं. एक घोट घेतला आणि थांबली.

"ही अशी कशी लागतेय? घशात कागद अडकल्यासारखी. राख-राख."

तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला चमचा खाली पडला. आणि हिचा सख्खा भाऊ काय म्हणाला असेल? "बघा भाऊजी, मी म्हणत होतो ना?" अरे गाढवा, ती काय बोलली ते तरी ऐक. मी दुसरा कप तिच्या हातात दिला. घाईत बशीत सांडली थोडी. ती प्यायली, डोळे मिटले, पुन्हा प्यायली. "ही बरी आहे," म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मेहुण्याच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तो तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागला.

इथे संपायला हवं होतं ना? कसलं संपतंय. ही उठली, नाक वर केलं. "अहो, घरात जळकट वास कसला?" पडदे हुंगले, उशा हुंगल्या, माझा शर्ट हुंगला आणि दोन पावलं मागे सरकली. "शी. इतके दिवस मी यात राहत होते?" पडदे उतरले, कढई माळ्यावर गेली, उरलेल्या बिया भावाच्या गळ्यात मारल्या, आणि घरात कॉफी भाजायची नाही, असा हुकूम सुटला. आता तयार दळलेली येते. रोज पहिला घोट घेऊन ही म्हणते, "तुम्ही केली होतीत तशी नाही हो लागत." मी आशेनं विचारतो, भाजू का मग? "खबरदार."

ती मन लावून पितेय ना, मग पुरे झालं. आणि मी भांडून तरी काय करणार? त्या रविवारी मी दोन्ही कप पिऊन बघितले होते... मला दोन्ही सारखेच लागले.