चाळीस करंज्या आणि एक मोदक

अगं, सासवा सुनांना रडवतात म्हणे, पण अमेरिकेत फ्रीमाँटला माझी पोलिश सून रडत होती ती पिएरोगीपायी. पिएरोगी म्हणजे आपल्या करंज्याच, बटाटा आणि चीज भरून पाण्यात उकळलेल्या. हिच्या सगळ्या पातेल्यात फुटल्या, आणि संध्याकाळी हिची आई जेवायला येणार. ती बाई लेकीला कायम म्हणायची, "तुला जन्मात जमणार नाही."

"सरक," म्हटलं. चाळीस भरल्या, कडांना मुरड घातली. एक फुटली नाही.

"मॉमला सांगू नका हं, आई," सून तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली.

विहीणबाई खूश होऊन खात होत्या, आणि त्यांच्या ताटात निघाला मोदक! करंज्या केल्या की त्यांना भाऊ म्हणून एक मोदक वळायचा, ही माझ्या हाताची सवय.

"हे काय?"

सून पांढरी पडली. मी लेकाला म्हटलं, "सांग यांना इंग्रजीत. सगळ्या मी केल्यात. तुम्ही लेकीला नुसतं बोलता, मी तिला शिकवणार आहे."

विहीणबाईंनी मोदक गट्ट केला, बाह्या सरसावल्या. "मग आधी मला शिकवा."

त्यांची पहिलीच करंजी पातेल्यात उघडली.

सून टाळी वाजवून ओरडली, "मॉम, तुला जन्मात जमणार नाही!"