ओढ्यापलीकडची जमीन

जुलै १९३७. याफाच्या बसथांब्यावर नायेफ खजुराच्या हिरव्या फांद्या घेऊन उभा होता. आज बायकोचा चाळिसावा दिवस, फांद्या तिच्या कबरीवर ठेवायच्या होत्या. पुढे दोन बागवान, एक अरब आणि एक ज्यू, एकाच वर्तमानपत्रात डोकं घालून बोलत होते.

“अबू जाहेर, इंग्रज सरकारला देशाची वाटणी मान्य आहे म्हणे. ज्यूंचं राज्य वेगळं, अरबांचं वेगळं.”

“मग तोंड गोड करा की आमचं, ख्वाजा नाहूम!”

“कसलं गोड? माझी संत्र्यांची बाग तुमच्या राज्यात गेली.”

“आणि माझं घर तुमच्यात! विचारलं कुणाला यांनी?”

“हा नकाशा बघा. दैर सिद्राला रेघ चक्क ओढ्यावरून गेलीय.”

“अरे देवा! म्हणजे गाव अलीकडे आणि कब्रस्तान पलीकडे?”

“आता मढ्यालाही परवाना काढा.”

“थट्टा नको हो.”

नायेफ पुढे सरला. “दैर सिद्राच का? नीट बघा.”

“इथं छापलंय, भाऊ. तुम्ही तिथले?”

“हो.”

“पलीकडे जमीन आहे तुमची?”

“आहे.”

“किती?”

“साडेतीन हात. शेजारी तेवढीच माझ्यासाठी ठेवलीय.”